प्रेषितांची कृत्ये २५ : कैसर आणि बादशहा एकच, मग नावं दोन कशाला?

संत्राबागवाला : जय ख्रिस्त मंडळी. मी अचलपूर तालुक्यातला, संत्र्याची बाग पाहतो. या रविवारी प्रार्थनाघरात बायबलमधलं हे वचन वाचायची पाळी माझी होती. आबाजीची जुनी प्रत. त्या पानावर कंदिलाच्या तेलाचा डाग आहे, डागाखालची ओळ उजेडाकडे धरूनच वाचावी लागते. खटल्यात उभा असलेला प्रेषित पौल कैसराकडे, म्हणजे रोमच्या सम्राटाकडे न्याय मागतो, आणि थोडं पुढे रोमचा सुभेदार फेस्त त्याच सम्राटाला ‘बादशहा’ म्हणतो. वाचन झालं तसे सतरंजीवरचे एक काका म्हणाले, “काऊन रे, दोघं हायेत का एकच?” म्हटलं एकच. “मंग दोन नावं कायले?” माझी बंडी तिथंच रुतली. मूळ ग्रीकात काय आहे?

पोथीवाचक : काकांनी बरोबर जागी बोट ठेवलं. पौल म्हणतो ‘कैसर’ (२५:११). ते मुळात ज्युलियस सीझरच्या घराण्याचं नाव, पुढे गादीचंच झालं. फेस्त म्हणतो ‘सेबास्तोस’ (२५:२१, २५:२५). इ.स.पू. २७ मध्ये रोमच्या सिनेटने पहिला सम्राट ऑक्टेव्हियन याला ‘औगुस्तुस’ किताब दिला, त्याचं हे ग्रीक रूप. गंमत धातूत आहे. ‘सेबोमाय’ म्हणजे भजणं, पूजणं. देवाची भक्ती करणाऱ्या लुदियाबद्दल (१६:१४) हेच क्रियापद आलंय. म्हणजे सेबास्तोस झाला ‘पूज्य’, ‘वंदनीय’. बादशहा म्हटलं की तख्त दिसतं. सेबास्तोस म्हटलं की उदबत्तीचा वास येतो. भाषांतरात तो वास गेला, आणि मला तो राहायला हवा होता असं वाटतं.

तेव्हा गादीवर नीरो होता. पहिला औगुस्त वारून चाळीसेक वर्षं झालेली, म्हणजे किताब वारशाने उतरत आला. पण लूकच्या शुभवर्तमानात (२:१) जनगणनेच्या हुकुमाजवळ ‘औगुस्त’ जसाच्या तसा ग्रीक अक्षरांत आहे, भाषांतर न करता. तिथे तो एका माणसाचं नाव आहे, इथे पदाचा मान.

कापूसवेचा : आपल्या इकडं नागपूरच्या भोसल्यायले नाही का ‘सेनासाहेबसुभा’ म्हणत? नाव येगळं, मान येगळा. अन् कैसर तं नागपूरपावतर आला बाप्पा! १ जानेवारी १८७७ ले दिल्लीत व्हिक्टोरिया ‘कैसर-ए-हिंद’ झाली, अन् त्याच दिवशी नागपुरात टाटाची एम्प्रेस मिल सुरू झाली. आमचा बुढा तिथंच सूत कातून रिटायर झाला. किताब रोमचा, कापूस आमचा.

संत्राबागवाला : मग २७:१ मधली युल्य शताधिपतीची पलटण? तिथंही असंच काही दिसते.

पोथीवाचक : हो, ‘स्पेइरा सेबास्ते’, म्हणजे ‘सेबास्ते पलटण’. पण तिथे जपून. यहूद्यांचा राजा हेरोद याने शोमरोन शहराचं नावच औगुस्ताच्या मानात ‘सेबास्ते’ केलं होतं, आणि त्या भागातले शिपाई रोमच्या फौजेत असत. म्हणून काही जण पलटण त्या गावची धरतात, काही जण ती मानाची पदवी समजतात. मी दुसऱ्या बाजूचा. तुमच्या ओळखीत कोणी सेबास्टियन असेल तर त्याचं नाव मात्र अशाच नावाच्या गावावरून : सेबास्तेचा माणूस.

संत्राबागवाला : काकांना फोनवर सांगितलं. थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, “म्हंजे फेस्त पूज्य म्हणते, अन् पौल नुसता कैसर म्हणते. पौल हुशार होता बे.”