निर्वासितांच्या चित्रवर्गात ‘सोडून आलेले घर’ हा विषय द्यावा का?

रेघोटी: युद्धामुळे देश सोडावा लागलेल्या काही स्त्रियांसाठी आम्ही आठवड्यातून एकदा चित्रांचा वर्ग सुरू करत आहोत. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचा आग्रह आहे की पहिल्याच दिवशी ‘सोडून आलेले घर’ हा विषय द्यावा, म्हणजे मनात साचलेले मोकळे होईल. मला ते घाईचे वाटते. जाणकारांनी मत द्यावे.

कागदकात्री: आपली शंका रास्त आहे. आश्रय मागताना या स्त्रियांना तीच हकिकत अधिकाऱ्यांपुढे अनेकदा सांगावी लागलेली असते; वर्गातही तीच मागितली, तर तो चौकशीचाच पुढचा भाग वाटेल. कलोपचाराच्या (कलेच्या आधारे मनावर उपचार करण्याच्या पद्धतीच्या) आद्य प्रवर्तकांपैकी एक असलेल्या एडिथ क्रेमर यांनी प्रागमध्ये फ्रीडल डिकर-ब्रँडाइस यांच्या हाताखाली नाझी जर्मनीतून पळून आलेल्या मुलांना चित्रे शिकवण्यास मदत केली आणि १९३८ मध्ये स्वतः क्रेमर यांनाही अमेरिकेत आश्रय घ्यावा लागला. चित्रातून मनाचा अर्थ काढत बसण्यापेक्षा चित्र घडवण्याची क्रियाच माणसाला सावरते, हे त्यांचे प्रतिपादन होते. (त्यांच्या गुरू डिकर-ब्रँडाइस मात्र मागेच राहिल्या, तेरेझीन येथील नाझींच्या बंदिवासातही त्या मुलांना शिकवत राहिल्या आणि १९४४ मध्ये आउश्वित्झमध्ये मारल्या गेल्या.)

सुईदोरा: वरील मताशी सहमत आहे, पण गतकाळाला मज्जाव करावा असेही नाही. १९७५ नंतर लाओसमधून मेकाँग नदी ओलांडून थायलंडच्या छावण्यांत आलेल्या ह्माँग या डोंगरी जमातीच्या लोकांचे पारंपरिक भरतकाम भौमितिक आकृत्यांचे होते. छावणीत त्याच हातांनी माणसे, विमाने आणि नदी पार करणारी कुटुंबे कापडावर भरायला सुरुवात केली. ही कथावस्त्रे बऱ्याच अंशी विक्रीसाठी होती, आणि त्यात कमीपणा कसला? हातात स्वतःच्या कमाईचे पैसे येणे हेही सावरणेच आहे. शिवाय टाका त्यांना आधीपासून येत होता, म्हणून तिथे कोणी नवशिके ठरले नाही. आपल्या वर्गातील स्त्रियांना काय येते, हे आधी विचारले आहे का?

रेघोटी: नाही, हे सुचलेच नाही. आम्ही थेट जलरंग आणून ठेवले. अखेरीस प्रदर्शन भरवण्याचाही विचार आहे.

कागदकात्री: प्रदर्शनाचा निर्णय त्यांच्यावर सोडावा. चित्र जिचे, तिने ते घरी न्यावे, विकावे किंवा फाडून टाकावे. मायदेशी नातेवाईक अडकले असतील, तर नाव किंवा छायाचित्र प्रसिद्ध होणे त्यांच्या जिवावर बेतू शकते. एकदा दिलेली संमती नंतर मागे घेता येईल, हेही त्यांच्या भाषेत स्पष्ट सांगावे. एखादी रडू लागली किंवा गप्प झाली, तर उपचार करण्याचा प्रयत्न करू नये. त्यासाठी प्रशिक्षित व्यक्तीशी आधीच बोलून ठेवावे.

सुईदोरा: आणि बाके वेगवेगळी न मांडता एकच लांब टेबल ठेवा. कात्री मागायला फारशी भाषा लागत नाही.