तबकडी म्हणजे नेमकी कुठली?

खर्ज
शाळेच्या विज्ञान मंडळासाठी व्हॉयेजर यानांवर टिपण लिहितोय. १९७७ साली नासाने सोडलेल्या या दोन्ही यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एकेक बारा इंची रेकॉर्ड आहे. तिच्यात बाख, बीथोव्हन, चक बेरी आहेत आणि आपल्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे, 'जात कहाँ हो'. मी लिहिलं, 'यानासोबत सोन्याची तबकडी अंतराळात गेली.' आठवीतल्या भाचीला वाचायला दिलं, तर तिने विचारलं, "मग ती परत कधी उतरणार? आत कोण बसलंय?"

तिच्या लेखी तबकडी म्हणजे उडती तबकडी. मला मात्र तबकडी म्हटलं की आधी लाखेची ७८ची, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्या घेणारी जुनी रेकॉर्ड आठवते. मुलांसाठी काय लिहावं? 'ध्वनिमुद्रिका' म्हटलं की वाक्य जड होतं. 'रेकॉर्ड' म्हटलं तर मुलांना विक्रम वाटतो. माझा ओढा तबकडीकडेच आहे, कारण हातात धरायच्या वस्तूला हातात धरल्यासारखा शब्द हवा.

मुद्रिका
ध्वनिमुद्रिकेत जड काय आहे? जिच्यावर ध्वनीची मुद्रा उमटली ती. शब्द कानावर पडताच वस्तू काय करते ते कळतं. तबकडीने नुसता आकार कळतो, आणि तोही कशाकशाचा! घड्याळाची तबकडी, जुन्या फोनची तबकडी, गच्चीवरच्या अँटेनाची तबकडी. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस अँटेना आहेत, त्यांनाही लोक तबकड्याच म्हणतात. अंतराळाच्याच लेखात हा शब्द आणला तर मूल गोंधळणारच. शिवाय तबक अरबीतून आलेला. आपला नेमका शब्द असताना तिकडे कशाला जायचं?

नवी पिन
तबक पानसुपारीला चालतं, ओवाळायला चालतं, मग गाण्यालाच का चालू नये? कातीची कातडी, आतड्याची आतडी, तशी तबकाची तबकडी. शेपूट मराठी लागलं की शब्द मराठी झाला. 'ध्वनिमुद्रिका' आमच्या घरी फक्त आकाशवाणीवरून यायची: 'आता ऐकू या अमुक यांची ध्वनिमुद्रिका.' निवेदन संपलं की शब्दही संपायचा. आजोबा म्हणायचे, "प्लेट लाव."

विश्वामित्रीकाठ
प्लेटवरून आठवलं. आम्ही बडोद्याचे. गुजरातीत ग्रामोफोनला 'थाळीवाजुं' म्हणतात, म्हणजे थाळी वाजवणारं वाद्य. त्यामुळे आमच्या मराठीतही रेकॉर्डला सर्रास थाळी. "थाळी पालट" असं आत्या म्हणायची तेव्हा पुण्याहून आलेले पाहुणे स्वयंपाकघराकडे बघायचे. मला तो शब्द अजून सगळ्यांत गोड वाटतो.

अंतराळवेडा
उडत्या तबकडीचा जन्म सांगतो, कारण तिथेच खरी गंमत आहे. २४ जून १९४७ ला अमेरिकेत केनेथ अर्नोल्ड नावाच्या वैमानिकाला माउंट रेनियरजवळ नऊ चमकत्या वस्तू वेगाने जाताना दिसल्या. त्या कशा जात होत्या हे सांगताना तो म्हणाला की पाण्यावर बशी भिरकावली तर ती टप्पे घेत जाईल तशा. त्याने वर्णन चालीचं केलं होतं. वर्तमानपत्रांनी ते आकाराला चिकटवलं आणि बशी उडू लागली. हिंदीने 'उड़न तश्तरी' केली. मराठीत बशी घरोघर असताना 'उडती बशी' झाली नाही, 'तबकडी' झाली. माझा अंदाज असा की ज्यांनी हा शब्द काढला त्यांच्या डोळ्यांपुढे फिरणारी रेकॉर्ड होती. बशी कुठे गरगर फिरते? म्हणजे खर्ज यांची तबकडी आधीची, भाचीची नंतरची.

तिसरी पट्टी
पटत नाही. त्या काळी ग्रामोफोन किती घरांत होता? भिंतीवरचं घड्याळ कितीतरी जास्त ठिकाणी होतं. तबकडी शब्द घड्याळाने रुळवला असणार. आणि मला तर वाटतं तबक, तबकडी, तबला ही सगळी एकाच घरची मंडळी आहेत. तिन्ही गोल आणि तिन्ही वाजतात.

मुद्रिका
तबला 'तब्ल'वरून, म्हणजे ढोल. तबक 'तबक़'वरून, म्हणजे ताट. शेवटचं व्यंजनच वेगळं आहे, अरबीत ही दोन निराळी मुळं. गोल दिसतात म्हणून नातं जोडायचं तर भाकरीही त्यात घ्यावी लागेल.

तिसरी पट्टी
कोशात नातं नसेल, पण बोलणाऱ्याच्या कानात ते असतं. शब्द टिकतो तो कानामुळे.

केरीची वाट
मी फोंडा तालुक्यातला. केसरबाई आमच्या केरीच्या, म्हणून केरकर. व्हॉयेजर २ निघालं २० ऑगस्टला, व्हॉयेजर १ निघालं ५ सप्टेंबरला, आणि १६ सप्टेंबर १९७७ ला बाई गेल्या. गुरू अल्लादियाखाँसाहेबांची एवढी दमसासाची तालीम, आणि जगाबाहेर गेली ती साडेतीन मिनिटांची भैरवी. तुम्ही शब्दावर भांडताय, पण ती भैरवी सध्या मिळते कशी तेही कोणी सांगा. मी फोनवर ऐकतो ती प्रत फार सपाट वाटते. तंबोरा आहे की नाही तेच कळत नाही.

खर्ज
केरीची वाट, यावर मला फार दिवस बोलायचं होतं. खरखर गाळलेली प्रत मला सोसत नाही. तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेची ती झणकार, आणि जुन्या रेकॉर्डची खरखर, दोन्हींचा बराचसा भाग वरच्या कंपनांतच असतो. सॉफ्टवेअरने खरखर सरसकट पुसली की जवारीही पुसली जाते आणि तानेच्या दाण्याची कड बोथट होते. घोडीच्या, म्हणजे तारा जिच्यावरून जातात त्या पट्टीच्या, चपट्या, किंचित बाकदार पाठीमुळे तारेत जी वरची स्वरकंपनं जागी होतात, त्यांवर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ सालीच लिहिलं होतं. तारेला जिथे छेडलं तिथे ज्यांचा निष्पंद, म्हणजे न हलणारा, बिंदू पडतो ती कंपनं नियमाप्रमाणे उमटायला नकोत, पण तंबोऱ्यात ती ऐकू येतात. मिरजेचा कारागीर जवारी काढताना घोडी घासून घासून हेच साधत असतो. एवढ्या कष्टाने आणलेली गोष्ट 'स्वच्छ आवाजा'साठी घालवायची?

आणि खरखरीचा सगळा दोष रेकॉर्डचा नसतो. ७८च्या खोबणीला साधारण ७५ मायक्रॉनचं सुईचं टोक लागतं, एलपीला, म्हणजे मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या नंतरच्या रेकॉर्डला, २५. एलपीची सुई ७८वर ठेवली की ती खोबणीच्या तळाशी लोळते आणि तिथला कचरा वाचत बसते. योग्य सुईने उतरवलेली, हात न लावलेली प्रत शोधा आणि साध्या, तारेच्या हेडफोनवर ऐका. बेस वाढवणारी बटणं सगळी बंद. महाग यंत्राआधी सुई नीट हवी, या मतावरून मी हलणार नाही.

नवी पिन
मताशी सहमत, शब्दाशी नाही. ७८ला सुई नसते, पिन असते. पोलादी पिनांची डबी असायची, एक बाजू वाजली की पिन बदलायची. म्हणून माणूस तेच तेच बोलायला लागला की 'पिन अडकली' म्हणतात, 'सुई अडकली' कोणी म्हणत नाही. सुई आली ती एलपीबरोबर, हिऱ्याची.

अंतराळवेडा
व्हॉयेजरवर तीही आहे, पिन म्हणा की सुई. रेकॉर्डसोबत सुई आणि ती बसवायचं कार्ट्रिज पाठवलंय, आणि ते कसं वापरायचं याचं चित्र कव्हरवर कोरलंय. वेग एलपीच्या ३३⅓च्या निम्मा, मिनिटाला १६⅔ फेऱ्या. पण परग्रहावर मिनिट कोणाला माहीत? म्हणून एका फेरीला लागणारे ३.६ सेकंद हायड्रोजन अणूच्या एका ठरावीक बदलाला लागणाऱ्या काळात मोजून दाखवलेत. विज्ञानकथा वाचणाऱ्याला याहून सुंदर पान कुठे मिळणार! खर्ज, सरळ 'गाण्याची तबकडी' लिहा. 'गाण्याची' म्हटल्यावर भाची आत माणूस शोधणार नाही.

खर्ज
विचार केला होता. पण त्यात नुसती गाणी नाहीत. पंचावन्न भाषांतले नमस्कार आहेत, मराठीही आहे. पाऊस, वारा, पाखरं आहेत. शंभराहून जास्त चित्रं आहेत. 'गाण्याची' म्हणून हे सगळं बाहेर ठेवायला मन धजत नाही.

मुद्रिका
ती चित्रं कशी साठवलीत ते बघा. चित्राच्या रेघा रेघा सुट्या करून त्यांचे संकेत आवाजासारखेच खोबणीत कोरलेत. सुई फिरवली तर कानाला ती घरघर ऐकू येईल. म्हणजे चित्रसुद्धा ध्वनी होऊनच मुद्रित झालंय. आता सांगा, ध्वनिमुद्रिकेहून नेमका शब्द कोणता?

नवी पिन
नेमका आहे, मान्य. पण भाची तो उच्चारेल का? नेमका शब्द तोंडी बसला पाहिजे. 'कृष्णविवर' बसला, कारण त्यात चित्र होतं. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत नारळीकरांनी टोपणनावाने पाठवलेल्या कथेचं नावच ते होतं. विवर म्हटलं की डोळ्यांपुढे खड्डा येतो. मुद्रिका म्हटलं की अंगठी येते.

मुद्रिका
अंगठीवरच ठसा असायचा, म्हणून तर ती मुद्रिका.

तिसरी पट्टी
अवांतर. चित्रपटांत अंतराळातल्या स्फोटाचा धडाम आवाज काढतात, त्यावर खर्ज यांचं मत ऐकायचंय. पोकळीत हवाच नाही तर आवाज कुठून? माझ्या मेहुण्याने त्या धडामसाठी भलाथोरला सबवूफर, म्हणजे खालच्या घुमणाऱ्या आवाजांचा स्पीकर, आणलाय. खिडक्यांची तावदानं थरथरतात, संवाद मात्र कळत नाहीत.

खर्ज
ज्या दिग्दर्शकाला अंतराळात शांतता ठेवायचं धैर्य होतं, त्याचाच चित्रपट मला लक्षात राहतो. यानाच्या आत श्वास, पंखे, बटणांची टकटक, आणि दार उघडताच काही नाही. चांगल्या यंत्राची खरी परीक्षा त्या 'काही नाही'त होते, मागची सूंसूं किती कमी आहे ते तिथेच कळतं. सबवूफर कोपऱ्यातून पुढे ओढून पाहा म्हणावं, निम्मी थरथर ती कोपऱ्याची असते.

विश्वामित्रीकाठ
खर्ज, मुद्रिका दोघंही 'खोबण' लिहिताय. आमच्याकडे रेघ म्हणत. "तिसऱ्या रेघेपासून लाव" म्हणजे तिसरं गाणं. अजून कोणाकडे होतं का हे?

मुद्रिका
रेघ म्हणणं बरोबर नाही. एका बाजूला खोबण एकच असते, काठापासून आत जाणारी सर्पिल. तिसरी रेघ असूच शकत नाही.

नवी पिन
असते की! दोन गाण्यांच्या मधे खोबण विरळ होते, तिथे चकाकणारी कड दिसते, तिला आम्ही रेघ म्हणायचो. पण आमच्याकडे तिसऱ्या रेघेनंतर चौथं गाणं यायचं. बडोद्यात काठाची रेघही धरत होते का?