मदत हवी आहे: एटीपीचा बंध तुटल्यावर ऊर्जा येते तरी कुठून?

नमस्कार मंडळी,

माझं शिक्षण रसायनशास्त्राचं. सध्या मुलीला पेशीश्वसन (पेशी अन्नातली ऊर्जा एटीपी या रेणूत कशी उतरवतात ते) शिकवतोय आणि एका जागी घोडं पेंड खातंय. बंध तोडायला ऊर्जा घालावी लागते, बंध जुळला की ती बाहेर पडते, हे आम्ही घोकून शिकलो. तिच्या पुस्तकात मात्र सरळ लिहिलंय, की एटीपीचा शेवटचा फॉस्फेट बंध तुटला की ऊर्जा मोकळी होते. दोन्ही एकाच वेळी खरं कसं?

लगे हाथ आणखी दोन शंका. एका ग्लुकोजपासून एटीपी नक्की किती? कुठे ३८, कुठे ३६, तिच्या नोट्समध्ये ३० ते ३२. ग्लुकोज तेच, मग आकडा का घसरला? आणि एटीपी एवढा कामाचा, तर शरीर त्याचाच साठा का करत नाही?

'एटीपी म्हणजे ऊर्जेचं चलन' हे उत्तर कृपया नको. ते आम्हा दोघांनाही पाठ आहे.

प्रतिसाद १

तुमचं रसायनशास्त्र बरोबर आहे, पुस्तकातलं वाक्य अर्धवट आहे. एटीपी नुसता तुटत नाही, त्याची पाण्याशी अभिक्रिया होते. जुना बंध तोडायला ऊर्जा लागतेच, पण नवे बंध जुळताना त्याहून जास्त मिळते. एटीपीत ऋणभाराचे तीन फॉस्फेट एकमेकांना खेटून असतात. सुटे झाल्यावर ते प्रतिकर्षण कमी होतं, सुट्या फॉस्फेटला संस्पंदनाने (रेझोनन्स, म्हणजे भार अनेक अणूंवर विभागला जाऊन) स्थैर्य येतं, पाण्याचे रेणूही त्याला चांगले वेढतात. प्रमाण स्थितीत मुक्त ऊर्जेतली (कामाला येणाऱ्या ऊर्जेतली) ही घट मोलमागे ३०.५ किलोज्यूल, पेशीत साधारण ५०.

या दोन आकड्यांतला फरक बघा, कारण खरी मेख तिथे आहे. पेशीत एटीपी भरपूर आणि एडीपी (एक फॉस्फेट सुटल्यावर उरणारा रेणू) त्या मानाने कमी असतो. ही अभिक्रिया समतोलाला पोहोचू दिली तर जवळजवळ सगळा एटीपी संपून एडीपीच उरेल. पेशी हे प्रमाण समतोलापासून कोट्यवधी पटींनी दूर धरून ठेवते, आणि काम होतं ते त्या अंतराच्या जोरावर. समतोलाला आलेल्या मिश्रणातही थोडा एटीपी असतोच. रेणू तोच, बंध तोच, पण त्याच्याकडून कवडीचंही काम होणार नाही. अन्न जाळण्याचा सगळा उद्योग हे अंतर टिकवण्यासाठी चालतो.

धागाकर्ता

हे पटलं. पण मग एटीपी बनवताना तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया, पेशीतलं एटीपी बनवणारं अंगक) ऊर्जा नेमकी कशावर खर्च करते? बंध जोडण्यावरच ना?

प्रतिसाद १

गंमत म्हणजे, नाही! एटीपी सिंथेज या विकराच्या (एन्झाइमच्या) खोबणीत एडीपी आणि फॉस्फेट जुळून एटीपी होणं जवळजवळ फुकटात होतं. तयार झालेला एटीपी तिथे घट्ट चिकटून बसतो. त्याला बाहेर काढण्यासाठी प्रथिनाचा आकार बदलावा लागतो, ऊर्जा लागते ती त्याला. ही मांडणी पॉल बॉयर यांची. जॉन वॉकर यांनी या विकराची रचना उलगडली आणि १९९७च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा दोघांना मिळाला. अन्नातले इलेक्ट्रॉन वाहताना तंतुकणिकेच्या आतल्या पडद्याबाहेर ढकललेले प्रोटॉन परत आत येताना विकराचा दांडा फिरतो, आणि तीन खोबणींचा आकार आळीपाळीने बदलत जातो. उलट बाजूने पाहा: प्रोटॉनचा दाब कोसळला तर हेच यंत्र उलटं फिरून एटीपी खर्च करतं आणि प्रोटॉन बाहेर ढकलतं.

प्रतिसाद २

आकड्यांचं मी सांगतो. ३८ आला तो अन्नातले इलेक्ट्रॉन वाहून नेणाऱ्या रेणूंसाठी, म्हणजे एनएडीएचमागे ३ एटीपी आणि एफएडीएच२मागे २ असे पूर्णांक धरल्यामुळे. पण पीटर मिचेल यांनी १९६१मध्ये मांडल्याप्रमाणे मधे प्रोटॉनचा टप्पा आहे, आणि तिथे पूर्णांकाची सक्ती नाही. एका एनएडीएचमुळे १० प्रोटॉन बाहेर जातात, एफएडीएच२मुळे ६. एक एटीपी बनवून तो तंतुकणिकेबाहेर पोचवायला साधारण ४ लागतात. म्हणून २.५ आणि १.५. आता मांडा: १० एनएडीएचचे २५, दोन एफएडीएच२चे ३, थेट मिळालेले ४, एकूण ३२. ग्लायकोलायसिसमधले (ग्लुकोज फोडण्याच्या पहिल्या टप्प्यातले) दोन एनएडीएच तंतुकणिकेबाहेर तयार होतात. त्यांचे इलेक्ट्रॉन ग्लिसरॉल फॉस्फेटच्या मार्गाने आत गेले तर प्रत्येकी एक एटीपी घटतो, म्हणून ३०. त्यात पडद्यातून थोडे प्रोटॉन फुकट झिरपतातच. परीक्षेत जे पुस्तक नेमलंय त्यातला आकडा लिहायला सांगा, वाद घालायला आयुष्य पडलंय.

साठ्याचा हिशेब तर तुम्हीच कराल. एटीपीचं मोलचं वजन ५०७ ग्रॅम, त्यातून मिळणार ५० किलोज्यूल, म्हणजे ग्रॅमला जेमतेम ०.१. चरबी ग्रॅमला ३७ देते. दहा किलो चरबीची ऊर्जा एटीपीत ठेवायची तर पावणेचार टन एटीपी लागेल. शिवाय एटीपी वाढला की तो ग्लायकोलायसिसमधल्या फॉस्फोफ्रक्टोकायनेज विकराला आवर घालतो, त्यामुळे साठा करू म्हटलं तरी होत नाही.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. मुलीचा लगेच पुढचा प्रश्न: चरबी एवढी सरस, तर ग्लायकोजेन (शरीराने साखळी करून साठवलेलं ग्लुकोज) ठेवायचाच कशाला?

प्रतिसाद ३

प्रश्न झकास आहे. वजनाच्या हिशेबात ग्लायकोजेन खरंच महागात पडतो, कारण ग्रॅममागे दोन-तीन ग्रॅम पाणी धरून बसतो. पण तो झटकन सुटतो आणि ऑक्सिजन अपुरा असतानाही स्नायूला एटीपी देतो. चरबीला ऑक्सिजनशिवाय गत्यंतर नाही. शिवाय आपल्या शरीरात मेदाम्लांपासून ग्लुकोज बनवण्याची सोय नाही: मेदाम्लं तुटून होणारं ॲसेटिल को-एन्झाइम ए पुन्हा पायरुवेट (ग्लुकोजच्या वाटेवरचा रेणू) होऊ शकत नाही. (तेलबियांच्या रोपांना हे जमतं, त्यांच्याकडे ग्लायऑक्झिलेट चक्र असतं.) आणि तांबड्या रक्तपेशींत तंतुकणिकाच नसतात, त्यांना ग्लुकोजच लागतं. दोन जेवणांच्या मधल्या वेळात ते यकृतातल्या ग्लायकोजेनमधून येतं.