जुनी डिफेंडर की नवी फॉर्च्युनर? नागपूर–काटोल वापरासाठी सल्ला हवा

संत्राबाग_काटोल:
नमस्कार मंडळी. राहतो धरमपेठेत, बाग काटोलच्या पुढे. डांबरी सुटली की काळ्या मातीची पांदण, पावसाळ्यात तिथं ट्रॅक्टरही फसतो. २०२१ची लँड रोव्हर डिफेंडर ११० डिझेल बघून राहिलो. एकाच मालकाची, वॉरंटी संपलेली. घरचे म्हणतात, टोयोटाची नवी फॉर्च्युनर घे. पण लँड रोव्हर २००८ मध्ये टाटांनी घेतली तेव्हापासून माझा जीव या गाडीत आहे. ज्याला विचारावं तो म्हणतो, ‘या गाड्या रस्त्यापेक्षा गॅरेजात जास्त.’ खरंच तसं आहे का?

वर्धारोड_४बाय४:
दादा, वारसा पाहायचा तर हिच्यासारखी नाही. रोव्हर कंपनीच्या मॉरिस विल्क्स यांनी १९४७ मध्ये वेल्सच्या किनाऱ्यावर वाळूत रेषा ओढून कल्पना मांडली, १९४८ मध्ये गाडी अ‍ॅमस्टरडॅमच्या प्रदर्शनात आली. युद्धानंतर पोलाद मिळत नव्हतं म्हणून बॉडी अ‍ॅल्युमिनियमची. ती मुळात शेतकऱ्यासाठीच होती, म्हणजे तुमच्यासाठीच! टोयोटाही कमी नाही म्हणा. १९५१ मध्ये त्यांची बीजे जीप फुजी पर्वताच्या सहाव्या टप्प्यापर्यंत चढली, तिचीच पुढे लँड क्रूझर झाली.

गॅरेजवाले_काका_मानकापूर:
भाऊ, नाव बाजूला ठेवा आणि गाडीखाली वाकून बघा. ज्या डिफेंडरची कीर्ती आपण ऐकत आलो तिला बॉडीखाली वेगळी चेसिस म्हणजे लोखंडी सांगाडा होता, सलग एक्सल (डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा एकच दांडा) होते, पान्याने उघडणारी गाडी. ती जानेवारी २०१६ मध्ये बंद झाली. तुम्ही बघताय ती स्लोव्हाकियात नित्राला बनते. तिला लॅडर फ्रेम (शिडीसारखी वेगळी चेसिस) नाही, अ‍ॅल्युमिनियमची एकसंध बॉडी आहे. ती कच्ची नाही, चांगलीच दणकट आहे. पांदणीतून ती फॉर्च्युनरपेक्षा आरामात जाईल, हे मी माझ्या तोंडानं सांगतो.

प्रश्न आहे तो एअर सस्पेन्शन आणि इलेक्ट्रॉनिक्सचा. स्प्रिंगच्या जागी रबराचे हवेचे फुगे असतात. आपल्या मे महिन्याच्या उन्हात रबर लवकर म्हातारं होतं. बारीक चीर पडली की हवा हळूहळू जाते, ती भरायला कॉम्प्रेसर सारखा चालतो आणि शेवटी तोच जळतो. म्हणजे फुग्याचा खर्च कॉम्प्रेसरवर जातो. म्हणून गाडी संध्याकाळी सपाट जागी उभी करायला सांगा. सकाळी चालू करायच्या आधी चारही चाकांवरची उंची टेपनं मोजा. एक कोपरा बसलेला दिसला तर पुढचं बोलणंच नको.

दुसरं, बीएस-६ (धुराच्या नव्या नियमातल्या) डिझेलला धूर गाळणारा डीपीएफ असतो. नुसती धरमपेठ ते बर्डी फिरवली तर तो काजळीनं भरतो. काटोलचा फेरा तुमच्या पथ्यावरच पडेल, कारण लांब पल्ल्यात इंजिन नीट तापून काजळी जळून जाते. फक्त ती जळत असताना गाडी मधेच बंद करू नका.

संत्राबाग_काटोल:
काका, लाख मोलाचं सांगितलं. म्हणजे फॉर्च्युनर बिनघोर?

गॅरेजवाले_काका_मानकापूर:
डीपीएफ तिलाही आहेच. पण खाली टोयोटाच्याच हायलक्स पिकअपच्या जातीची लॅडर फ्रेम, मागं साधी कॉइल स्प्रिंग आणि सलग एक्सल. आणि पार्ट इथंच मिळतो, हे सगळ्यात मोठं.

पेंच_वाली_ताई:
काकांच्या शेवटच्या वाक्यावर बोलते. पेंच आणि ताडोब्यात इतकी वर्षं मारुतीची जिप्सी राबली, १९८५ मध्ये आलेली. तिच्यात ऐषआराम काही नव्हता, पण जंगलात बंद पडली तर ड्रायव्हर स्वतः बॉनेट उघडून चालू करायचा. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाची महागडी परदेशी गाडी (कंपनीचं नाव घेत नाही) एका सेन्सरपायी कित्येक आठवडे उभी राहिली, कारण पार्ट बाहेरून यायचा होता. तुमची संत्री तोडणीला आली असताना हे परवडेल का, हा विचार आधी करा. घरी दुसरी गाडी असेल तर डिफेंडर घ्या, मनापासून म्हणते. एकच गाडी असेल तर नको.

संत्राबाग_काटोल:
दुसरी आहे ताई, जुनी बोलेरो. बागेचं काम तीच ओढते.

गॅरेजवाले_काका_मानकापूर:
मग जमतं. आधी गाडीच्या इलेक्ट्रॉनिक्सचं पूर्ण स्कॅन करून घ्या, एक्स्टेंडेड वॉरंटी मिळते का ते अधिकृत डीलरला लेखी विचारा. आणि मोठे रिम असतील तर, बसत असतील तसे लहान रिम लावून खोल नक्षीचे टायर टाका. काळी माती हायवे टायरच्या खाचा भरून टाकते, मग चारही चाकं फिरली तरी गाडी जागची हलत नाही.