एमिलची टाचणी आणि अकाली आलेलं शहाणपण

वाचनवेडी:
जर्मन लेखक एरिक केस्टनरच्या 'एमिल अँड द डिटेक्टिव्ह्ज'मधल्या (१९२९) टाचणीइतकी चोख पुराव्याची पेरणी मला बालरहस्यकथांत क्वचितच दिसली आहे. एमिलची विधवा आई घरी बायकांचे केस धुऊन संसार चालवते. तिने दिलेले १४० मार्क बर्लिनला नेताना तो गाडीच्या संडासात जाऊन लिफाफा आतल्या नोटांसकट कोटाच्या अस्तराला टाचतो. पुढे डोळा लागतो, पैसे जातात. चोर बँकेत त्याच नोटा मोडायला येतो, तेव्हा टाचणीची भोकं साक्ष देतात. वाचताना मात्र ती निव्वळ पोराची काळजी वाटते, पुरावा वाटत नाही. आईचे कष्ट कळणारा मुलगाच पैसे असे टाचेल. त्याचं शहाणपण काढून टाका, गोष्ट तिथेच अडते.

जुना वाचक:
ताई, पेरणी लपते कुठे? पैसे गेल्यावर तो खिसा चाचपतो तर टाचणी बोटात घुसते, रक्त येतं. चाणाक्ष बालवाचकाला एवढं पुरे. आणि त्या शहाणपणाने माझ्या पोटात तुटतं. आईला अभिमान वाटावा म्हणून ठरवून आदर्श विद्यार्थी व्हायचं! "किती समजूतदार आहे हो," असं म्हणत आपणही अशा मुलांवर ओझं लादतो. लेखकाने त्या ओझ्याला हात घालायला हवा होता.

वाचनवेडी:
दादा, रक्त दिसतं तेव्हा वाचकाचा जीव गेलेल्या पैशांत असतो, भोकांचा विचार कोण करतं? खुद्द एमिललाही ते बँकेत ऐनवेळी आठवतं. आणि तो पुतळा? गावातल्या ग्रँड ड्यूकला लाल नाक आणि मिशा काढल्याच्या धाकानेच तो पोलिसांकडे जात नाही. अस्सल पोरकटपणा आहे हा, आणि पाठलाग त्यातूनच सुरू होतो.

जुना वाचक:
पुतळ्याचं मान्य, पण त्या धाकामागेही आईच आहे. मला खरं मोठेपण एमिलच्या मदतीला आलेल्या बर्लिनच्या पोरांतल्या 'लिटल ट्यूजडे'त दिसतं. बाकी पोरं चोरामागे धावताना हा घरी फोनजवळ बसून राहतो. तो शब्द त्याने मित्रांना दिलाय, कुणाचे कष्ट फेडायला नाही. शेवटी आजी भरल्या घरात त्याचंच कौतुक करते. एमिलच्या वाट्याला असं एकतरी काम यायला हवं होतं, ज्यात आईच्या पैशांचा संबंध नाही.