देव मानला नाही तर माणूस नीतीने वागेल का: वर्गात हे तपासायचं कसं?

गोदातीर

नमस्कार. कनिष्ठ महाविद्यालयातल्या अभ्यासमंडळासाठी मदत हवी आहे. अकरावी-बारावीची साठ मुलं आहेत आणि पुढच्या महिन्याचा विषय आहे, "देवावर श्रद्धा नसेल तर माणसं नीतीने वागतील का?" यावर वादविवाद ठेवला की ठरलेलीच उदाहरणं येतात. एक बाजू शनिशिंगणापूरची बिनदाराची घरं सांगते, दुसरी देव फारसा न मानणाऱ्या डेन्मार्क-स्वीडनची. म्हणून वादाऐवजी काही करून बघायला लावायचा विचार आहे. चिठ्ठीवर "देव मानता का?" असं विचारायचं, मग फासा टाकून आलेला आकडा सांगायला लावायचा. जितका आकडा तितकी चॉकलेटं. कोणता गट जास्त खोटं बोलतो ते बघायचं.

यात काय चुकेल? आणि शिंगणापूरचा मुद्दा निघाला तर काय सांगावं? तो निघणारच.

सांख्यिकी

कल्पना चांगली आहे, पण अशी केलीत तर हाती काही लागणार नाही.

फाशाच्या प्रयोगाची रूढ रचना फिशबाखर आणि फॉल्मी-ह्यूसी या अर्थतज्ज्ञांची आहे, 2013 साली छापलेली. 1 ते 5 आलं तर तेवढेच पैसे, 6 आला तर शून्य. हा 6 म्हणजेच कळीचा भाग. फासा आडोशाला टाकायचा, दुसऱ्या कुणी बघायचं नाही. सगळे खरं बोलले तर सरासरी 2.5 येते आणि दर सहा जणांत एक जण "मला 6 आला" म्हणतो. प्रत्यक्षात 6 सांगणारे फक्त 6.4 टक्के निघाले आणि 5 सांगणारे 35 टक्के. गंमत 4 मध्ये आहे: तोही अपेक्षेपेक्षा बराच जास्त, 27 टक्के. म्हणजे काही माणसं खोटं बोलताना थोडा हात राखतात, पूर्ण लबाड दिसायला नको म्हणून. तुमच्या मुलांना हा 4 चा खांब फळ्यावर काढून दाखवा. देवाच्या प्रश्नाइतकंच त्यावर बोलण्यासारखं आहे.

तुमच्या रचनेत 6 ला सर्वांत जास्त चॉकलेटं आहेत. त्यामुळे खरंच 6 आलेला मुलगाही संशयात सापडेल. वरच्या रचनेत "6 आला" म्हणून रिकाम्या हाताने जाणारा प्रामाणिक असणार हे उघडच दिसतं.

आता आकडेमोड. साठ मुलांच्या सरासरीत नुसत्या नशिबाने 2.07 ते 2.93 एवढा चढउतार होऊ शकतो. साठांचे तीस-तीस असे दोन गट केले तर त्यांच्या सरासरीत साधारण 0.86 चा फरक पडल्याशिवाय काहीच म्हणता येत नाही. 0.3 एवढा बारीक फरक पकडायला एकेका गटात जवळपास पाचशे माणसं लागतात. शिवाय गट सारखे पडणार नाहीत. साठांत "देव मानत नाही" लिहिणारी आठ-दहाच मुलं असतील.

म्हणून एकच फासा एकदा टाकण्यापेक्षा वाट्यांचा खेळ घ्या. प्रत्येकाला 30 चिंचोके, दोन वाट्या आणि एक फासा. एक वाटी स्वतःची, दुसरी दुसऱ्या गावातल्या अनोळखी मुलाची. दर वेळी आधी मनात एक वाटी धरायची, मग फासा टाकायचा. सम आला तर मनातल्या वाटीत चिंचोका टाकायचा, विषम आला तर दुसऱ्या वाटीत. मनात कोणती वाटी होती हे कुणालाच कळत नाही, त्यामुळे फसवायला पूर्ण मोकळीक असते आणि पकडलं जाण्याची शक्यता शून्य. प्रामाणिक खेळात स्वतःच्या वाटीत सरासरी 15 चिंचोके जमतात. एकेका मुलाचे 10 ते 20 आले तरी ते नशिबात बसतं, म्हणून एका मुलाकडे बोट कधीही दाखवू नका. सगळा वर्ग 17 वर गेला तर मात्र नशिबाचं कारण पुरत नाही.

तीस-तीसच्या गटांत इथे निदान दीड चिंचोक्याचा फरक लागेल, बावन्न-आठ अशी विभागणी झाली तर दोनाहून अधिक. तरीही एकाच फाशापेक्षा हे बरंच बरं.

फासे आधी तपासून घ्या. स्वस्त प्लास्टिकचे फासे कधी कधी एका बाजूला जड असतात. एक फासा 300 वेळा टाका. प्रत्येक आकडा सुमारे 50 वेळा यायला हवा. एखादा 35 च्या खाली किंवा 65 च्या वर गेला तर तो फासा बाजूला ठेवा. एकच फासा द्या आणि "नीट पडला नाही, पुन्हा टाकतो" याला वाव ठेवू नका. पुन्हा टाकायला मिळालं की दुसऱ्या वेळचा चांगला आकडा सांगणं लोकांना खोटं वाटतच नाही.

नीरक्षीर

चिठ्ठीचा प्रश्न आधी विचारू नका. देवाचा उल्लेख झाला की तोच प्रयोगाचा भाग होतो, मग श्रद्धेचा परिणाम मोजला की आठवण करून दिल्याचा, हे वेगळं काढता येत नाही. खेळ आधी, चिठ्ठी शेवटी.

याच आठवणीवर 2007 साली शरीफ आणि नोरेनझायान या मानसशास्त्रज्ञांचा प्रयोग गाजला. लोकांना दहा डॉलर दिले, अनोळखी माणसासाठी हवे तेवढे ठेवा म्हणाले. आधी देवाशी संबंधित शब्द असलेली वाक्यं जुळवलेल्यांनी सरासरी 4.22 ठेवले, अशी वाक्यं न दिलेल्यांनी 1.84. हा आकडा भाषणांत सारखा येतो. पुढचा भाग कुणी सांगत नाही: दुसऱ्या फेरीत "न्यायालय", "पोलीस", "करार" असे शब्द दिलेल्या गटाने 4.44 ठेवले, देवाचे शब्द मिळालेल्यांनी 4.56. म्हणजे फरक जवळपास नाहीच. पुढे 2015 मध्ये मोठ्या गटावर हाच प्रयोग परत केला तेव्हा देवाच्या शब्दांचा परिणाम मिळाला नाही. तेव्हा मुलांना 2007 चा आकडा सांगायचा असेल तर या दोन्ही गोष्टी सोबत सांगा.

वेळही सांभाळा. मोरोक्कोतल्या माराकेशच्या बाजारात दुकानदारांची दानाची निवड तपासली, तर अजान कानावर पडत असताना ते जास्त उदार झाले. तुमच्याकडे सकाळी प्रार्थना होत असेल तर अर्धी मुलं प्रार्थनेनंतर लगेच आणि अर्धी दुपारी असं करू नका. सगळ्यांना एकाच तासिकेत बसवा.

आणि "देव मानता का, हो/नाही" हा प्रश्न फार ढोबळ आहे. 2016 साली आठ समाजांतल्या 591 लोकांवर वाट्यांचा हाच खेळ झाला. त्यात टान्झानियातले हाडझा, सायबेरियातलं तुवा, फिजीतले हिंदू, मॉरिशसचं एक गाव, ब्राझील आणि वनुआतूसुद्धा होते. तिथे महत्त्वाचं ठरलं ते देव मानणं नव्हे, तर देवाला मनातलं कळतं आणि तो शिक्षा करतो असं मानणं. ते जितकं पक्कं, तितकी नाणी दूरच्या वाटीत जास्त. पण ती दूरची वाटी आपल्याच धर्माच्या अनोळखी माणसाची होती. हे सांगितल्याशिवाय "श्रद्धेने माणूस चांगला होतो" असं म्हणणं मला अर्धवट वाटतं. चिठ्ठीवर दोन प्रश्न ठेवा: "देवाला आपलं सगळं कळतं का?" आणि "वाईट केलं तर तो शिक्षा करतो का?" दोन्हीला शून्य ते चार गुण.

माळरान

शिंगणापूरबद्दल. शनिदेव चोराला शिक्षा करतो ही श्रद्धा तिथे आहे आणि घरांना परंपरेने दारं-कुलपं नसतात, हे खरं. 2011 साली तिथे एका राष्ट्रीयीकृत बँकेची शाखाही कुलूप न लावता सुरू झाली. पण 2010 पासून भाविकांच्या वस्तू चोरीला गेल्याच्या तक्रारी बातम्यांत येऊ लागल्या आणि 2015 मध्ये गावात पोलीस ठाणं आलं. मुलांना "चोरी होते, म्हणजे श्रद्धा खोटी" असं सांगू नका, ते उथळ होईल. त्यांना विचारा: चोरी कमी होण्याची आणखी कोणती कारणं तिथे एकत्र आहेत? छोटं गाव, सगळे ओळखीचे. दार नाही म्हणून शेजाऱ्याची नजर घरावर कायम. गावाचं नाव आणि रोजीरोटी या ख्यातीवर, त्यामुळे चोरी ही साऱ्या गावाची बदनामी. आणि झालेली चोरी सांगायलाही संकोच, म्हणजे नोंद मुळातच कमी. देवाचा वाटा यातून वेगळा काढायचा तर शनीला मानणारं पण अनोळखी माणसांनी भरलेलं गाव आणि तसंच न मानणारं गाव शेजारी शेजारी हवं. ते मिळत नाही. म्हणून वाट्यांचा खेळ.

नजरेचं एक उदाहरण: न्यूकॅसल विद्यापीठात चहा-कॉफीच्या पैशांच्या डब्याजवळ 10 आठवडे आलटून पालटून डोळ्यांचं आणि फुलांचं चित्र लावलं. डोळ्यांच्या आठवड्यांत, संपलेल्या दुधाच्या मानाने, जवळपास तिप्पट पैसे जमले (2006). पण पुढे सगळे अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा नुसत्या चित्राने औदार्य वाढतं हे टिकलं नाही. मुलांना दोन्ही सांगावं.

डेन्मार्क-स्वीडनवाल्यांनाही सवलत नको. 2019 च्या पाकिटांच्या अभ्यासात 40 देशांतल्या 355 शहरांत 17,303 "हरवलेली" पाकिटं बँका, हॉटेलं, टपाल कचेऱ्या यांच्या स्वागतकक्षात दिली. परत करण्यात, म्हणजे मालकाला ई-मेलने कळवण्यात, स्वित्झर्लंड आणि उत्तर युरोप वर आले. पण तिथले पगार, पोलीस, ई-मेलची सवय, सगळंच वेगळं आहे, तेव्हा ते नास्तिकतेच्या खाती जमा करता येत नाही. खरी महत्त्वाची गोष्ट दुसरीच: पैसे नसलेली 40 टक्के पाकिटं परत आली, पैसे असलेली 51 टक्के. 40 पैकी 38 देशांत असंच. जास्त पैसे असताना स्वतःच्याच नजरेत चोर ठरण्याची भीती वाढते.

शब्दब्रह्म

प्रश्नाची मांडणीच आपल्या परंपरेत नीट बसत नाही, हेही मुलांपुढे यावं. "ईश्वर नसेल तर नीती कशी?" हे ज्या धर्मांत नियम देणारा एकच ईश्वर आहे तिथलं. जैन सृष्टिकर्ता मानत नाहीत, तरी अहिंसेचे नियम इतके काटेकोर. बुद्धाच्या शिकवणीत कर्माचा हिशेब ठेवायला कुणी कर्ता लागत नाही. वेदांवर कमालीची निष्ठा असलेले मीमांसक कुमारिल भट्टसुद्धा सृष्टिकर्ता ईश्वर नाकारतात. मधली अडचण, म्हणजे यज्ञ आज आणि फळ नंतर, ते "अपूर्व" या अदृश्य शक्तीने सोडवतात. म्हणून तुमच्या चिठ्ठीत तिसरा प्रश्न घाला: "देव नसला तरी कर्माचं फळ मिळतंच, असं वाटतं का?" हो म्हणणारी मुलं अनेक निघतील, आणि देवाच्या प्रश्नात ती लपून जातील.

दुसरी चाचणी फासे न लागणारी. नुची आणि ट्यूरियल या मानसशास्त्रज्ञांनी अमिश-मेनोनाइट (जुन्या रीतीने राहणारे ख्रिस्ती पंथ) आणि सनातनी यहुदी मुलांना विचारलं होतं की देवाने सांगितलं असतं तर चोरी चालली असती का. बहुसंख्य म्हणाली, नाही. पण सब्बाथला, म्हणजे आठवड्याच्या पवित्र दिवशी, काम न करण्याचा नियम देवाने बदलला तर चाललं असतं, असं तीच मुलं म्हणाली. तुम्ही असं विचारा: "चतुर्थीला मांसाहार करू नये हा नियम देवाचा नसता तर चाललं असतं का?" मग, "लहान मुलाचा डबा हिसकावू नये हा नियम देवाचा नसता तर?" एकेक प्रश्न वेगळ्या कागदावर द्या, समोरासमोर ठेवू नका. नाहीतर मुलं दोन्हींना जुळवून एकसारखंच उत्तर देतात.

गोदातीर

सगळ्यांचे मनापासून आभार. चॉकलेटं रद्द, वाट्यांचा खेळ करतो, खेळ आधी आणि तीन प्रश्न शेवटी. एक शंका उरते. दूरच्या वाटीतलं खरंच पाठवायचं की मोजून परत घ्यायचं?

सांख्यिकी

खरंच पाठवा. मुलांना खोटं सांगून प्रामाणिकपणा मोजणं बरोबर नाही, आणि एकदा खोटं उघडलं की पुढच्या वर्षी कुणी मनापासून खेळणार नाही. एका चिंचोक्याला एक पेन्सिल असं ठरवा. 1,800 नको असतील तर दोन चिंचोक्यांना एक, म्हणजे 900 पेन्सिली. त्यातल्या दूरच्या वाट्यांच्या पेन्सिली एखाद्या लांबच्या जिल्हा परिषद शाळेत पोचवा आणि पोच वर्गात दाखवा. वाट्यांवर नाव नको, फक्त चिठ्ठीशी जुळणारा क्रमांक. तो क्रमांक मुलांनीच डब्यातून उचलायचा, तुम्ही वाटायचा नाही. मोजताना बाहेरचा माणूस बसवा. एखाद्याला खेळायचं नसेल तर त्याला दहा मिनिटं वाचत बसू द्या, आणि चिठ्ठी भरायचं बंधन कुणावरच नको.