कापडावरून केलेली मुद्राचित्रे पाहावीत कशी? आणि माळ्यावरची जुनी जेकॉर्ड कार्डे छापता येतील का?

पूर्वभागकर

नमस्कार. गेल्या रविवारी आपल्या सोलापुरात भरलेले एका हस्तकला-कलावतीच्या मुद्राचित्रांचे प्रदर्शन पाहून आलो. बाईंचे मूळ काम हातमागावरचे आहे आणि अलीकडे त्या कागदावर ठसे घेतात, एवढे तिथल्या माहितीपत्रकावरून समजले. आमच्या घरातल्या तीन पिढ्या मागावर गेल्या. वडील चादरीची नक्षी ग्राफवर भरत आणि तिच्यावरून जेकॉर्डच्या, म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्राच्या, पुठ्ठ्याच्या कार्डांना भोके पाडत. त्यामुळे चित्रकलेत गती नसली, तरी समोरच्या चौकटीत कोणती वीण आहे हे मला सांगता येत होते.

एका चित्रापाशी मात्र मी बराच वेळ थांबलो. साध्या विणीचे तळहाताएवढे कापड, मोठ्या पांढऱ्या कागदाच्या मधोमध, आणि त्यात तुटलेला उभा धागा जोडताना मारलेली एक गाठ. ती गाठ पांढरी उठली होती आणि तिच्याभोवती शाईचे काळे कडे होते. आमच्याकडे अशी गाठ वर आली तर तो माल बाजूला काढला जातो. इथे तिलाच काच आणि चौकट मिळाली होती. खाली पेन्सिलने ४/१५ असे लिहिले होते आणि किंमत आमच्या डझनभर चादरींहून जास्त होती.

माझ्या शंका अशा. पंधरा प्रती निघाल्या असतील, तर त्यातल्या एकीला मूळ चित्र कसे म्हणायचे? कापडाला शाई लावून कागदावर दाबले, एवढेच हे काम असेल, तर त्यात कलावंताचे काय? आणि वडिलांच्या कार्डांचे एक पोते माळ्यावर पडून आहे. त्यांचे असे काही करता येईल का?

शाईरूळ

आपण गाठीचे जे वर्णन केले आहे, त्यातच दुसऱ्या शंकेचे बरेचसे उत्तर आहे. कापडाला नुसती शाई लावून दाबले असते, तर सर्वांत उंच भागाला, म्हणजे गाठीला, शाई जास्त लागली असती आणि ती काळी उठली असती. ती पांढरी आहे याचा अर्थ हे बहुधा कोलाग्राफ आहे. त्यात कापड पुठ्ठ्यावर चिकटवतात, शाई आत शोषली जाऊ नये म्हणून वरून लाखेचा किंवा वॉर्निशचा हात देतात, मग सगळीकडे शाई चोळून ती जाळीच्या कापडाने पुसून काढतात. उंचवट्यावरची शाई पुसली जाते, खोलगट भागात ती राहते. ओलसर केलेला कागद वर ठेवून प्रेसमधून काढला की तो त्या खोलीत शिरून शाई उचलतो. गाठीभोवतीचे काळे कडे म्हणजे पुसताना हात पोहोचला नाही अशी जागा. किती पुसायचे आणि कुठे सोडायचे, हा निर्णय प्रत्येक प्रतीच्या वेळी नव्याने घ्यावा लागतो.

याउलट धागेच काळे आणि मधल्या जागा उजळ दिसल्या, तर ते बहुधा मऊ मेणाच्या थरावरचे एचिंग असते. तांब्याच्या किंवा जस्ताच्या पत्र्यावरच्या मेणात कापड दाबून उचलले की धाग्यांबरोबर मेण निघून येते आणि तेवढीच जागा आम्ल खाते. पुढच्या वेळी चित्राकडे समोरून न पाहता बाजूने, उजेड तिरपा घेऊन पाहा. पत्र्याची कड कागदात दबलेली दिसेल, आणि कोलाग्राफ असेल तर गाठीच्या जागी कागदाला खळगा पडलेला दिसेल.

किमतीविषयी थोडे. आपल्याकडे छापील चित्र म्हटले की राजा रविवर्म्याच्या छापखान्यातल्या देवदेवता आठवतात. ती मूळ तैलचित्रांची छापील रूपे होती आणि घरोघर पोहोचावीत म्हणूनच काढलेली होती. (त्यांतल्या काही लक्ष्मी-सरस्वतींना लोकांनी हौसेने खरे कापड आणि जर चिकटवून नेसवली, हा कापडाचा आणि छपाईचा आणखी एक संबंध.) मुद्राचित्रात मात्र असे आधीचे चित्र नसतेच, साच्यावर केलेले काम कागदावर उतरते तेव्हाच चित्र पहिल्यांदा अस्तित्वात येते. ४/१५ म्हणजे पंधरा प्रतींपैकी चौथी. पंधरांहून जास्त काढायच्या नाहीत असे कलावंताने त्या पेन्सिलीने बांधून घेतलेले असते, आणि कोलाग्राफचा पुठ्ठा प्रेसखाली चेपत जात असल्याने पुष्कळदा त्याहून जास्त निघतही नाहीत.

ग्राफवाला

मीही ते प्रदर्शन पाहिले आणि माझे मत इतके उदार नाही. छपाई उत्तम आहे, याबद्दल वाद नाही. पण दाराच्या डावीकडे मोराची जी जोडी लावली आहे, तिच्या खाली चादरीच्या दोन बाजू अशा अर्थाचे शीर्षक आहे. एकीत तांबड्यावर पांढरा मोर, दुसरीत पांढऱ्यावर तांबडा. आपली जेकॉर्ड चादर दुपदरी विणलेली असते. नक्षीच्या जागी वरचा पदर खाली आणि खालचा वर येतो, म्हणून उलट बाजूला रंगांची अदलाबदल होते, इथपर्यंत बाईंचे बरोबर आहे. परंतु चादर उलटली की रंगांबरोबर दिशाही उलटते. सुलट बाजूला डावीकडे पाहणारा मोर उलट बाजूला उजवीकडे पाहतो. काठाला विणलेले कारखान्याचे नाव उलटीकडून आरशातल्यासारखे दिसते, हे कोणत्याही सोलापुरी घरात अंथरूण घालताना कळते. बाईंचे दोन्ही मोर डावीकडेच पाहतात. म्हणजे एकाच साच्याला शाई बदलून लावली आणि तिला चादरीची उलट बाजू म्हटले. ज्यांनी माग चालवला आहे त्यांच्या हातून ही चूक व्हावी, याचे मला वाईट वाटले.

शाईरूळ

हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. ठसा मुळात साच्याचे आरशातले रूप असतो. त्यामुळे मुद्राचित्रकाराला उजवे-डावे उलटे पाहण्याची सवय लागलेली असते आणि कदाचित तीच इथे नडली असावी. तरी चूक म्हणण्याआधी त्यांना विचारायला हवे. रंगांच्या अदलाबदलीत मोर स्थिर राहावा, असे त्यांना हवे असणेही शक्य आहे.

ग्राफवाला

हवे असेल, तर शीर्षकात चादर नको होती.

कलाशिक्षक

दोघांच्या मधे पडतो. विणकर छपाईकडे वळतो तेव्हा त्याला कापडाची प्रतिकृतीच हवी असते, असे धरून चालण्याचे कारण नाही. जर्मनीतल्या बाउहाउस या कलाशाळेत शिकलेल्या विणकर आनी आल्बर्स यांचे उदाहरण पाहा. १९४९ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने त्यांच्या विणकामाचे एकल प्रदर्शन भरवले, आणि तेथे असा मान मिळालेल्या त्या पहिल्या वस्त्रकलावंत. १९६३ साली त्यांचे पती लॉस एंजेलिसच्या टॅमरिंड या शिळाछाप कार्यशाळेत काम करण्यासाठी गेले, तेव्हा त्या सोबत होत्या. तिथेच त्यांनी दगडावर रेखाटून पाहिले आणि १९७० च्या सुमारास माग कायमचा सोडला. त्यांच्या सुरुवातीच्या शिळाछापांत दोरासारखी रेघ स्वतःभोवती मोकळेपणाने गुंडाळत जाते. मागावर उभा धागा आणि आडवा धागा काटकोनातच भेटणार. कागदावर ती सक्ती राहत नाही. एवढ्यापुरता शाईरूळ यांचा मुद्दा मला पटतो. मात्र आल्बर्सबाईंनी त्या रेघांना कापडाची मागची बाजू म्हटले नव्हते, त्यामुळे मोरांच्या बाबतीत मी ग्राफवाल्यांच्या बाजूने आहे.

आता कार्डांविषयी. जपानचे केइसुके सेरिझावा (१८९५–१९८४) कागद कोरून केलेल्या एकाच प्रकारच्या साच्याने कापडही रंगवत आणि हातकागदावरची दिनदर्शिकाही. आपली जेकॉर्ड कार्डे हे असे आयते कोरलेले साचेच आहेत: भोक असेल तिथे सुई आत जाते आणि धागा उचलला जातो, भोक नसेल तिथे तो खालीच राहतो. एक कार्ड म्हणजे धोट्याची एक फेरी. कार्ड कागदावर ठेवून स्पंजने थोडीशी, जवळजवळ कोरडी शाई टिपली, तर ठिपक्यांची एक पट्टी मिळेल, आणि क्रमाने पट्टीखाली पट्टी घेत गेलात तर नक्षीचा हिशेब कागदावर उतरेल. ती नक्षीसारखी दिसेलच असे नाही, कारण दुपदरी विणीत नक्षीबरोबर कापडाची वीण बांधणारी भोकेही त्याच कार्डात असतात. परंतु जुना पुठ्ठा शाईने भिजवू नका. आधी वर पातळ कागद ठेवून मेणाच्या खडूने घासून पाहा. कार्डाला काहीही न लागता भोके उमटतात. आणि ओवलेली कार्डे सुटी करू नका. क्रम गेला की नक्षी गेली.

पूर्वभागकर

सर्वांचे मनापासून आभार. काल पोते खाली उतरवले. वरची कार्डे धुळीने माखलेली आहेत, पण आतली चांगली आहेत. प्रत्येकावर वडिलांच्या हातचा निळ्या पेन्सिलीचा आकडा आहे. ओवलेली दोरी ११२ आणि ११३ च्या मधे कुजून तुटली आहे, आणि ११३ नंतरची तीन कार्डे उंदरांनी खाल्ली आहेत. पहिल्या वीस कार्डांवर खडू घासून पाहिला. ठिपके स्वच्छ उठले, पण नक्षी कसली आहे ते मला वाचता आले नाही. वडील नुसत्या भोकांवरून सांगत असत. ग्राफवाले, आपण सोलापूरच्या पूर्व भागातच राहत असाल, तर येत्या रविवारी घरी याल का? खाल्लेल्या तीन कार्डांवर काय असेल ते शेजारच्या कार्डांवरून ठरवता येते का, हेही विचारायचे आहे.

ग्राफवाला

येतो. ग्राफचा कागद आणि खोडरबर काढून ठेवा, बाकीचे माझ्याकडे आहे.